कै. डॉ. शंकर आबाजी भिसे

नाशिक रोडच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत उभे असतां, विद्यार्थिमित्रहो, तुमची नजर वरच्या काळ्या फलकाकडे वळली नाहीं असें सहसा होत नसेल. त्या सपाट फलकावर उजेडाचे बारीक ठिपके लागतात, ठिपक्यांचीं अक्षरें होतात, आणि गाडीचें नांव, वेळ व फलाटाचा अंक हीं एकामागून एक येऊन जातात. घरच्या भिंतीवरील दूरचित्रवाणी आणि वडिलांच्या खिशांतील फोन हीं त्याच कुळांतलीं. हीं अक्षरें कोण लिहितो व कोण पुसतो, असा प्रश्न गेल्या वर्षीं पांचवींतल्या एका मुलानें मला विचारला होता. त्याचें उत्तर देतांना मला एका मराठी माणसाची आठवण झाली. त्यानें सुमारें १४० वर्षांपूर्वीं, वयाच्या विशीच्या आसपास, मुंबईच्या उपनगरी आगगाड्यांसाठीं स्थानकाचें नांव दाखविणारा एक दर्शक तयार केला होता. आणि पुढें लंडनच्या दुकानांना विजेचा जाहिरातफलक करून दिला होता. त्या गृहस्थांचें नांव शंकर आबाजी भिसे. अमेरिकेंतील लोक त्यांस हिंदुस्थानचा एडिसन म्हणत. आपल्या इकडे एके काळीं घरोघर ठाऊक असलेलें हें नांव आतां पालकांपैकींही थोड्यांच्याच कानांवरून गेलें असेल, म्हणून त्यांची हकीगत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

भिसे यांचा जन्म मुंबईस ता. २९ एप्रिल १८६७ रोजीं एका चांद्रसेनीय कायस्थ प्रभु कुटुंबांत झाला. लहानपणापासून त्यांस यंत्रांचें व रसायनांचें वेड होतें. त्या काळीं मुंबईच्या रस्त्यांवर दगडी कोळशाच्या गॅसचे दिवे जळत असत. बंद भांड्यांत कोळसा तापविला म्हणजे त्यांतून जळणारा वायु निघतो, एवढें पुस्तकांतून कळल्यावर चौदा वर्षांच्या या मुलानें घरींच तसा गॅस काढण्याचें उपकरण उभें केलें. घरच्या मंडळींस काय वाटलें असेल याची कल्पना ज्यांच्या घरीं असा एखादा चिरंजीव आहे त्यांनीं करावी. सोळाव्या वर्षीं त्यांनीं मनाशीं ठरवून टाकलें कीं आपण संशोधक व्हावयाचें आणि त्यासाठीं विलायत किंवा अमेरिका गांठावयाची.

त्यांना यंत्रशास्त्राचें रीतसर शिक्षण मिळालें नव्हतें. सायंटिफिक अमेरिकन या नांवाच्या अमेरिकन नियतकालिकाचे अंक हेंच त्यांचें विद्यालय झालें. त्यांतील आकृत्या पाहावयाच्या, त्या हातानें उतरून काढावयाच्या, आणि मिळेल त्या सामानांतून तशी वस्तु करून पाहावयाची, असा त्यांचा क्रम होता. विशीच्या सुमारास त्यांच्या हातून बाटलींतील मालांत कोणीं भेसळ करूं नये अशी बाटली, सायकलीस लावावयाचें विजेचें साधन, आणि वर सांगितलेला स्थानकदर्शक असे अनेक पदार्थ तयार झाले. समानशील मित्रांस जमवून त्यांनीं मुंबईंत एक विज्ञानमंडळही काढलें. पुढें १८९० ते १८९५ या वर्षांत ते दृष्टिभ्रमाच्या मागें लागले. एक घन वस्तु पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत दुसरी होते, असे त्यांचे प्रयोग होते. ते मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्यें झाले आणि तेथें वाखाणले गेले. गारुड्याच्या खेळाशीं या गोष्टीचें नातें दिसतें खरें. परंतु डोळ्याला काय दिसतें आणि तें तसें कां दिसतें, हें ज्याला कळलें त्यालाच पुढें दाखविण्याचीं यंत्रें करतां येतात.

एवढें सारें होऊनही मुंबईच्या श्रीमंत मंडळींनीं त्यांच्याकडे गंभीरपणें पाहिलें नव्हतें. तें पाहणें लंडनहून आलेल्या एका बातमीमुळें सुरू झालें. तेथील संशोधकांच्या एका मासिकानें १८९७ च्या सुमारास एक स्पर्धा जाहीर केली. वाण्याच्या दुकानांत पीठ, साखर वगैरे माल ढिगांतून आपोआप वजन करून ठराविक प्रमाणांत बाहेर देणारें यंत्र योजावयाचें होतें. भिसे यांनीं मुंबईस बसून आराखडा काढला, पोस्टानें पाठविला, आणि इंग्रज कारागिरांना मागें टाकून बक्षीस मिळविलें. आपल्या माणसाची किंमत परक्यानें केल्यावरच आपल्याला कळावी, ही रीत तेव्हांपासूनची किंवा त्याहूनही जुनी आहे.

आतां लोक मदतीस पुढें आले. काँग्रेसचे मुंबईंतील पुढारी दिनशा वाच्छा यांनीं लंडनमध्यें राहणाऱ्या दादाभाई नौरोजींस शिफारसपत्र लिहिलें, आणि शतक संपण्याच्या सुमारास भिसे लंडनास जाऊन दादाभाईंच्या दारांत उभे राहिले. दादाभाईंनीं तेव्हां सत्तरी ओलांडली होती. १८९२ ते १८९५ पर्यंत ते पार्लमेंटाचे सभासद होते, आणि हिंदुस्थानचा पैसा बाहेर कसा वाहून जातो याचा हिशेब मांडण्यांत त्यांचें आयुष्य चाललें होतें. अशा म्हाताऱ्या मुत्सद्यानें एका अपरिचित तरुणाच्या चाकांत आणि तारांत आपला पैसा कां घालावा? माझी समजूत अशी कीं, येथील माणूस कारकुनी करूं शकतो पण यंत्र निर्माण करूं शकत नाहीं, असें जें त्या काळीं उघडपणें बोललें जाई, त्याला भाषणापेक्षां एखादें चालतें यंत्र हें बरें उत्तर आहे असें दादाभाईंस वाटलें असावें.

लंडनमध्यें भिसे यांच्या हातांस विसांवा नव्हता. तेथें त्यांचा विजेचा जाहिरातफलक तयार झाला. तो क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनांत मांडला गेला आणि दुकानांतूनही वापरला गेला. रंगविलेली पाटी एकदां लाविली म्हणजे वर्षभर तेंच सांगत राहते; विजेचा फलक मात्र जाणाऱ्या-येणाऱ्याचें लक्ष स्वतः बोलावून घेतो. आज नाशकांतल्या मेन रोडवर किंवा कॉलेज रोडवर संध्याकाळीं फेरी मारणारास हें निराळें सांगावयास नको.

येथें थोडें विषयांतर करतों. १८८८ सालीं, म्हणजे भिसे एकवीस वर्षांचे असतांना, प्राग शहरांत फ्रीड्रिख रायनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञास गाजरांतून काढलेल्या द्रव्यावर काम करतांना एक चमत्कारिक पदार्थ आढळला. तो दोन वेळां वितळे. सुमारें १४५ अंशांवर त्याचा गढूळ रस होई, आणि सुमारें १७८ अंशांवर तो रस स्वच्छ होई. मधल्या अवस्थेंत तो पाण्यासारखा वाही, पण प्रकाशाशीं मात्र स्फटिकाप्रमाणें वागे. या जातीच्या पदार्थांस द्रवस्फटिक म्हणतात. त्यांच्या पातळ थरास वीज देऊन उजेड अडवावा किंवा सोडावा आणि त्यांतून अक्षरें व चित्रें काढावीं, हें अमेरिकेंत जॉर्ज हाइलमायर व त्यांच्या सोबत्यांनीं १९६८ सालीं जगापुढें ठेविलें. मध्यें ८० वर्षें गेलीं! आणि तेथून भिंतीवर टांगतां येईल असा पडदा कारखान्यांतून निघावयास आणखी कित्येक वर्षें लागलीं. स्थानकावरच्या फलकांतील ठिपके निराळ्या जातीचे, स्वतः प्रकाश देणारे आहेत. त्यांपैकीं पहिला डोळ्यांना दिसणारा तांबडा दिवा निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं केला. कल्पना सुचणें, नमुना चालणें आणि माल निघणें हे तीन निरनिराळे डोंगर आहेत, आणि त्यांच्यामधील दऱ्या पैशानें, कारखान्यानें व वेळानें भरून काढाव्या लागतात. भिसे यांनीं पहिले दोन डोंगर अनेकदां चढले. तिसऱ्याच्या पायथ्याशीं काय झालें तें आतां सांगावयाचें आहे.

भिसे यांचें सर्वांत मोठें काम खिळ्यांचें. आजच्या मुलांनीं छपाईचे खिळे पाहिलेले नसतील. माझे वडील नाशकांत एका लहान छापखान्यांत जुळारी होते, म्हणून माझें बाळपण त्या शिशाच्या वासांत गेलें. खिळा म्हणजे बोटाच्या पेराएवढी धातूची कांडी. तिच्या टोकावर एक अक्षर उलटें उठविलेलें असे. लांकडी खणांतून एकेक कांडी उचलून ओळ जुळवावयाची, ओळींचें पान बांधावयाचें, शाई लावून छापावयाचें, आणि काम झालें कीं प्रत्येक कांडी पुन्हां आपापल्या खणांत टाकावयाची. इंग्रजीचें काम शेंदीडशें खणांत भागे. मराठीला काने, मात्रा, वेलांट्या, अर्धीं अक्षरें आणि जोडाक्षरें मिळून कित्येक शें निरनिराळे खिळे लागत. तासांत हजार-बाराशें खिळे जुळविणारा माणूस हुशार, असें वडील सांगत.

हे खिळे ओतावे लागत. मराठी खिळे सुबक करण्याच्या कामीं मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्याचा मोठा वांटा आहे. तेथें टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखालीं लहान मुलगा म्हणून राबलेले जावजी दादाजी यांनींच पुढें १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. ओतण्याची कृति ऐकावयास सोपी आहे. शिसें, अँटिमनी व कथील यांचा रस साच्यांत सोडावयाचा. साच्याच्या तळाशीं अक्षराचा खोलगट ठसा असतो. रस थिजला कीं खिळा तयार. करून पाहणारासच तिची अडचण कळते. पानावरच्या हजारों खिळ्यांपैकीं प्रत्येकाची उंची तंतोतंत सारखी हवी. एखादा केसभर उंच असला तर तो कागदांत रुततो, ठेंगणा असला तर उमटतच नाहीं. शिवाय रसाच्या उष्णतेनें साचा स्वतःच फुगतो. म्हणून वेग आणि अचूकपणा यांचें ओतणीच्या कामांत हाडवैर असे.

जगांत तेव्हां दोन यंत्रांचा बोलबाला होता. ऑटमार मर्गेनथालर यांचें लायनोटाइप १८८६ सालीं न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रांत चालूं झालें होतें. तें सबंध ओळ एकाच तुकड्यांत ओतीत असे. टॉल्बर्ट लॅन्स्टन यांचें मोनोटाइप एकेक खिळा सुटा ओतीत असे. दोन्हींच्या पाठीशीं मोठमोठ्या कंपन्या होत्या. या राक्षसांसमोर भिसे आपलें यंत्र घेऊन उभे राहिले. त्याचें नांव भिसोटाइप. मिनिटास सुमारें १,२०० खिळे तें देईल, असा त्यांचा दावा होता. म्हणजे सेकंदास वीस! माझ्या वडिलांसारख्या हुशार जुळाऱ्याला जुळवावयास एक तास पुरेल इतके खिळे एका मिनिटांत. लंडनच्या जाणत्या कारागिरांचा यावर विश्वास बसेना, हें स्वाभाविकच होतें.

आतां अडचण आली ती भांडवलाची. असें यंत्र एकच करून उपयोग नाहीं. त्याचे शेंकडों अचूक भाग पाडणारीं दुसरीं यंत्रें लागतात, निरनिराळ्या देशांतील पेटंटांची फी भरावी लागते, आणि छापखानेवाल्यांनीं विकत घेईपर्यंत कारागिरांचा पगार चालू ठेवावा लागतो. दादाभाईंनीं स्वतःचा पैसा घातला, मित्रांस गळ घातली, इंग्रज सोशलिस्ट पुढारी हिंडमन यांच्यामार्फत मोठी रक्कम उभी करण्याचा प्रयत्न झाला. मिळेल मिळेल म्हणतां ती रक्कम मिळाली नाहीं. श्रीमंतांची संपत्ति वांटून टाकावी म्हणणाऱ्या पुढाऱ्याकडे श्रीमंतांच्या पैशासाठीं जावें लागलें, यांत थोडा विनोद आहे. पण ज्याचें यंत्र अर्धवट पडलें होतें त्याला हसूं आलें नसेल. दादाभाईंचीही थैली आटली. १९०७ सालीं, वयाच्या ८२ व्या वर्षीं, ते हिंदुस्थानास कायमचे परतले. भिसे यांच्यापुढें आपला खेळ संपला असें मानण्यावांचून मार्ग राहिला नाहीं, आणि १९०८ सालीं तेही बोटींत बसून मायदेशीं निघाले.

त्या बोटीवर नामदार गोखले यांची गांठ पडली. गोखल्यांनीं आराखडे पाहिले, बोलणें ऐकून घेतलें, आणि मुंबईस जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतनजी टाटा यांच्याशीं भिसे यांची ओळख करून दिली. १९१० सालीं टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट या नांवाची संस्था लंडनमध्यें स्थापन झाली. टाटांचा पैसा आणि भिशांचें डोकें एकत्र आल्यावर आतां काय उणें राहिलें, असें कोणासही वाटेल. परंतु यंत्र बाजारांत भक्कमपणें उभें राहण्यापूर्वींच १९१४ सालीं महायुद्ध पेटलें. १९१५ सालीं सिंडिकेट बंद झालें. गोखलेही त्याच वर्षीं निवर्तले.

युद्धाकडेच सारें बोट दाखवून मोकळें होणें सोपें आहे, पण तें पुरतें खरें वाटत नाहीं. भिसे यांच्या नांवावर सुमारें २०० शोध आणि ४० पेटंटें सांगतात. स्वयंपाकघरांतील उपकरणें, टेलिफोनमधील सुधारणा, डोकें दुखणें थांबविण्याचें साधन, आपोआप धुतला जाणारा संडास, असा त्यांच्या मनाचा संचार चाले. मर्गेनथालरनें आपलें आयुष्य एका यंत्रावर झिजविलें. भिसे यांना एक दार उघडतां उघडतां दुसऱ्या दाराची कडी दिसत असे. हा दोष मानावा कीं स्वभाव मानावा याविषयीं माझें मन दोन्हीकडे जातें. एका यंत्राला चिकटून बसणारा माणूस त्या काळीं मुंबईहून लंडनास मुळांत गेलाच नसता, असेंही वाटतें.

१९१६ सालीं ते अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्क हेंच त्यांचें घर झालें. तेथें त्यांनीं खिळे ओतण्याच्या यंत्राचा नाद सोडला नाहीं. एक-एक खिळा ओतणाऱ्या यंत्राचे हक्क त्यांनीं एका कंपनीस विकले, आणि १९२० च्या सुमारास आयडियल टाइपकास्टर या नांवाचें नवें यंत्र करून स्वतःची कंपनीही काढली. मात्र ज्या गोष्टीनें त्यांस अखेर पैसा दिला ती छापखान्यांतली नव्हती. आयोडिनापासून केलेलें ॲटोमिडीन नांवाचें औषध त्यांनीं काढलें, तें खपलें, आणि उतारवयांत त्यांची ददात मिटली. ज्या यंत्रासाठीं दादाभाईंची थैली रिकामी झाली त्यानें जें दिलें नाहीं तें एका बाटलीनें दिलें!

त्यांच्या शेवटच्या वर्षांतील एक गोष्ट वगळावी असें क्षणभर वाटलें होतें. पण चरित्र सांगतांना आवडेल तेवढेंच सांगणें बरें नव्हे. मृतांच्या आत्म्यांशीं बोलतां येतें अशी त्यांची समजूत झाली होती, आणि त्यासाठीं त्यांनीं एक टाइपरायटरही बनविला होता. त्या यंत्रावर कोणाचे संदेश आले असतील ते असोत. जन्मभर अक्षरांचीं यंत्रें करणाऱ्या माणसानें परलोकासाठींही अक्षरांचेंच यंत्र केलें, एवढें मात्र लक्षांत राहतें.

ज्याच्या नांवानें लोक त्यांस ओळखत त्या टॉमस एडिसन यांची व त्यांची भेट १९३० सालीं झाली. एडिसन तेव्हां ८३ वर्षांचे होते आणि पुढच्याच वर्षीं त्यांचा अंत झाला. एडिसन यांच्यापाशीं प्रयोगशाळा होत्या, शेंकडों सहाय्यक होते, आणि सावकार उंबऱ्याशीं बसलेले असत. समोर बसलेल्या पाहुण्यापाशीं त्यांतलें काय काय नव्हतें हें त्या म्हाताऱ्याला कितपत ठाऊक होतें, कोण जाणे.

त्याच सुमारास, त्याच न्यूयॉर्क शहरांत, हरि गोविल नांवाचे दुसरे एक हिंदी गृहस्थ देवनागरी लिपि यंत्रावर बसविण्याच्या खटपटींत होते. १९३० नंतरच्या दोनतीन वर्षांत त्यांस यश आलें, आणि आपलीं काना-मात्रेचीं अक्षरें यंत्रानें ओळीच्या ओळी ओतूं लागलीं. तें यंत्र भिसे यांचें नव्हतें. ज्याला मागें टाकण्यासाठीं ते तीस वर्षांपूर्वीं लंडनमध्यें उभे राहिले होते तें मर्गेनथालरचें लायनोटाइप होतें. पुढें तेंही गेलें. माझ्या वडिलांच्या छापखान्यांतले खिळे एके दिवशीं मोडीच्या भावानें वजनावर विकले गेले, त्या वेळीं मी कॉलेजांत होतों. वडिलांनीं त्यांतला एक ‘भ’ मागून घेतला होता, तो अजून माझ्या टेबलावर असतो.

भिसे न्यूयॉर्क येथें ता. ७ एप्रिल १९३५ रोजीं वारले. त्यांच्या ६८ व्या वाढदिवसाला तेव्हां २२ दिवस उरले होते.